धुतलेलं पेट्रोल

२ मार्च
गाडी आज पुन्हा बंद पडली. मंडईच्या कोपऱ्यावर, भर गर्दीत. मागून हॉर्न. एका मोपेडवाल्याने थांबून सल्ला दिला, काका, आता सोडा हिला. माझी गाडी ज्याच्यापेक्षा वयाने मोठी आहे त्याने मला शिकवू नये.

दोष गाडीचा नाही. दोष पेट्रोलचा. पंपावर आता उघड पाटीच लावली आहे की पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल म्हणजे दारूच, नाव शिकलेलं. वजनमापे खात्यात निरीक्षक असताना मी माप मारणाऱ्या भल्याभल्यांना घाम फोडला. तेव्हा भेसळ करणारा निदान लपूनछपून करायचा. आता पाटी लावून करतात आणि वर पावती देतात.

मी आयुष्यात थेंब घेतला नाही. आणि माझी गाडी रोज पिते.

संकल्प: महिनाअखेरपर्यंत गाडी ठणठणीत. मुलीला डॉक्टरांनी बाळंतपणाची महिनाअखेरचीच तारीख दिली आहे. ती जन्मली तेव्हा हॉस्पिटलातून याच गाडीतून घरी आणली होती, मागच्या सीटवर, बायकोच्या मांडीवर. तिचं बाळही याच गाडीतून येणार. हॉस्पिटलातून थेट आमच्याकडे, महिनाभर राहायला. जावयाला सांगून टाकलं. तो म्हणाला, बघू, बाबा. यात बघण्यासारखं काय आहे कळत नाही.

४ मार्च
मेकॅनिककडे. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. माणूस जाणकार आहे. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, इथेनॉल.

फिल्टर काढला तर आत तपकिरी गाळ. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं गुमान बसलेला गाळ इथेनॉलने उकरून काढला म्हणे. पेट्रोलचा रबरी पाइप बोटाने दाबून दाखवला. फुगून मऊ पडला होता, चघळून टाकल्यासारखा. जुन्या गाड्यांचं रबर या इथेनॉलपुढे टिकत नाही. हॉर्न बसला आहे, तेही इथेनॉल. मागचं उजवं दार घासतं, त्याबद्दल विचारलं तर जरा थांबला, मग म्हणाला, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं साहेब.

पाइप बदलला. टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी त्याने थोडी वर उचलून बसवली, म्हणजे तळाचा गाळ ओढला जाणार नाही. हुशारी आहे. घरी येऊन बायकोला सगळं समजावलं. ती म्हणाली, दार तर लग्नानंतर पहिल्या वर्षापासून घासतंय. बायकांना यंत्रातलं समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

६ मार्च
चार्जर आला होता. चार्जर म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी त्याने विजेवरची गाडी घेतली, तेव्हापासून दुसरा विषय नाही. आला की आधी आमच्या खिडकीतून वायर खाली सोडतो आणि मग चहा मागतो. मोबाइल, गाडी आणि स्वतः, तिघंही आमच्याच विजेवर.

म्हणाला, भाऊजी, बाळाला आणायला माझी गाडी घेऊ, एसी आहे, आवाज नाही. मी म्हटलं, ज्या गाडीला आवाज नाही तिला मत पण नसतं. तो हसला. बायकोसुद्धा हसली, पण ती त्याच्या बाजूने हसली.

७ मार्च
परदेशातल्या एका गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला. इंग्रजी भरभर होतं, पण कृती डोळ्यांनी कळली. पेट्रोलमध्ये पाणी घालायचं, हलवायचं, ठेवून द्यायचं. इथेनॉल हा लाळघोट्या पदार्थ. पाणी दिसलं की पेट्रोलला सोडून त्याच्या गळ्यात पडतो. दोघं मिळून तळाला बसतात आणि वर उरतं शुद्ध पेट्रोल. ते अलगद काढून घ्यायचं.

म्हणजे पेट्रोल धुता येतं. इतकी साधी गोष्ट उस्तादला माहीत नव्हती, चार्जरला नव्हती, जावयाला तर नव्हतीच. मला कळायला एक दुपार लागली.

संकल्प: यापुढे माझ्या गाडीत धुतल्याशिवाय थेंब जाणार नाही.

८ मार्च
पहिला घाणा. बायकोची काचेची मोठी बरणी घेतली. बाथरूममध्ये बसून धुतलं. दोन थर लख्ख वेगळे झाले. वरचा पिवळसर, खालचा जरा गढूळ. वरचं पेट्रोल नळीने इतक्या सावकाश काढलं की खालचा थर हललासुद्धा नाही. शेवटचं बोटभर पेट्रोल तर सोडूनच दिलं, उगाच पाण्याचा थेंब यायला नको. असला हात खात्यात माझ्या एकट्याचा होता.

बायकोने घरात वास येतो म्हणून गॅस बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला, बरणीला आणि स्टुलाला गच्चीवर पाठवलं. घर पेटवून नातवंडाचं स्वागत करायचं आहे का, असं विचारत होती. गच्चीवर उजेड चांगला आहे. मी तेच म्हणणार होतो.

खालचा थर फेकायचा नाही. बाटल्यांत भरून त्यावर पुरावा अशी चिठ्ठी लावली. वेळ आली की संबंधितांच्या टेबलावर ठेवणार.

१० मार्च
टाकीच्या झाकणाची रबरी रिंग फुगून वाकडी झालेली. पुन्हा इथेनॉल. झाकण बसेना. फेकून दिलं. कारखान्याने ती झाकणं बनवणं कधीच बंद केलं आहे.

घरात शोधता शोधता थर्मासचं बूच सापडलं. जुना थर्मास, जाड बूच. टाकीच्या तोंडात असं बसलं की जणू मापानेच कापलं आहे. इतकं करून थांबलो नाही. डोकं चालवलं. धुतल्यावरही पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल उरत असणार. दारू उडून जाते, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. मग तिला उडायला वाट द्यायला नको का? बुचाला सुरीने कडेने एक खाच पाडली. आता उरलंसुरलं आपोआप निघून जाईल.

बायको कपडे वाळत घालत होती. बुचाला खाच का पाडता, म्हणून विचारलं. सांगितलं. ती म्हणाली, अहो, वाटेने जातं तसं येतंही. मी उत्तर दिलं नाही. प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत बसलं तर कामं कधी करायची.

बूच थर्मासचं आहे हे तिला ओळखू आलं नाही, मीही सांगितलं नाही.

१२ मार्च
आजपासून गाडीला रोज आंघोळ. बाळ बसणार आहे, धूळ चालणार नाही. सकाळी नळी लावून छतापासून चाकांपर्यंत. टाकीच्या तोंडाभोवती खोलगट वाटीसारखी जागा आहे, तिथे कचरा साचतो. तिथे नळी जास्त वेळ धरतो. वाटी भरते आणि हळूहळू आपोआप रिकामी होते. जुन्या गाड्यांत पाण्याचा निचरा असा उत्तम असतो. नव्या गाड्यांत नाही.

१५ मार्च
चमत्कार. म्हणजे इतरांना चमत्कार, मला अपेक्षित.

गाडीचा पेट्रोलचा काटा फार पूर्वी मेला आहे. मी लाकडी पट्टी टाकीत बुडवून माप घेतो. खुणा मीच केल्या आहेत, खात्यातल्या प्रमाणित मापाने. या आठवड्यात चार फेऱ्या मारल्या आणि पट्टीवर पातळी जेमतेम नखभर खाली. भेसळीच्या पेट्रोलवर एवढ्यात दोन बोटं उतरली असती. इथेनॉलला ताकद कमी, त्याने मायलेज पडतं हे सगळेच मान्य करतात, पण पडतं किती ते आज माझ्या पट्टीने सिद्ध केलं.

चार्जरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, भाऊजी, तुमची गाडी तर माझ्यापेक्षा स्वस्तात चालते. आवाजात जळजळ स्पष्ट होती.

१६ मार्च
इंजिनातून ठकठक येते. विशेषतः गिअर बदलताना. जावई आला होता. तो दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते त्याला आठवावं लागतं. त्याने मोबाइलमध्ये बघून सांगितलं की इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, ते काढून टाकलं की ऑक्टेन पडतो आणि इंजिन ठोके मारतं. म्हणजे बाबा, तोटे आहेत, पण काढून टाकण्याचेही तोटे आहेत.

असली दोन्हीकडून बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. मुलीने काय पाहिलं कोण जाणे. त्याला सांगितलं की इंजिनाचा इतक्या दिवसांचा बसलेला घसा मोकळा होतो आहे. तो म्हणाला, बरं बाबा. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने जमिनीकडे.

मुलीचे पाय सुजले आहेत. हळू चालते. निघताना गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, बाबा, खरंच हिच्यातून आणणार ना? लहानपणी असंच हात ठेवून उभी राहायची, इंजिनाची ऊब लागते म्हणून. मी शब्द दिला. शब्द म्हणजे माझ्याकडे प्रमाणित माप.

१८ मार्च
बायको हॉस्पिटलची पिशवी भरते आहे. लंगोट, टोपडी, दुपटी. थर्मास काढला आणि बूच शोधत बसली. सगळे डबे उपसले. मला विचारलं. बघतो म्हटलं. खोटं बोललो नाही, नंतर खाली जाऊन बघितलंच. जागच्या जागी होतं.

२० मार्च
खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. गच्चीवरून वास येतो, सोसायटीच्या नियमात बसत नाही, लेखी तक्रार करीन. मी त्यांना बरणी दाखवली, सगळी प्रक्रिया समजावली. तळाचा थर म्हणजे पाणी आणि अल्कोहोल, हे ऐकल्यावर त्यांचा सूर एकदम मऊ झाला. बाटली नाकाशी नेऊन विचारू लागले की, समजा हेच आणखी नीट गाळलं तर?

मी त्यांना जिना दाखवला. कायद्याचा माणूस.

२२ मार्च
अनर्थ. मी गच्चीवर असताना कामवाल्या बाईंनी पुराव्याची एक बाटली घेतली आणि दाराची पाटी पुसली. त्यांना वाटलं काच पुसायचं औषध. आमच्या पाटीवर पहिल्या ओळीत माझं नाव, दुसऱ्या ओळीत निवृत्त निरीक्षक, वजनमापे. रंग सगळा फडक्यावर आला. उरलं फक्त निवृत्त.

बाई म्हणाल्या, पण चकाकते किती बघा. बायकोने पाटी लांबून बघितली, जवळून बघितली आणि म्हणाली, राहू द्या, पुरेसं आहे.

उरलेल्या बाटल्यांवर तिने कब्जा केला आहे. पंख्यांची पाती, खिडक्यांच्या काचा, सगळं लख्ख. तीस वर्षांत जे निघालं नाही ते निघतंय म्हणते. पुरावा अशा रीतीने नष्ट होतो आहे आणि घरात कोणाला खंत नाही.

२४ मार्च
रंगीत तालीम. घर ते हॉस्पिटल, परत घर. चार्जर आगाऊपणे शेजारी बसला. हॉस्पिटलच्या अलीकडे मोठा चढ आहे. तिथे गाडीने दोनदा उचकी दिली, मग सावरली. चार्जर म्हणाला, भाऊजी, टाकीत काही गेलंय का? मी म्हटलं, माझ्या टाकीत धुतलेलं, मोजलेलं आणि नितळ पेट्रोल जातं. तुझ्या गाडीत काय जातं ते तुला तरी दिसतं का?

तो बाकी रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत होता.

उचकीचं कारण लक्षात आलं. सुरुवातीच्या दिवसांतलं जुनं भेसळीचं पेट्रोल कुठेतरी कानाकोपऱ्यात उरलं असणार. ते बाहेर पडतं आहे. घरी येऊन पट्टी टाकली. पातळी उलट थोडी वर. चढावरून आल्यावर टाकीतलं पेट्रोल नीट पसरत असावं.

२७ मार्च
पहाटे कळा सुरू झाल्या. जावयाने टॅक्सी बोलावली आणि आम्हाला हॉस्पिटलात पोचल्यावर फोन केला. मी तोवर गाडीवर नळी मारत होतो. जरा लागलं मनाला, पण करार न्यायचा नव्हता, आणायचा होता.

२८ मार्च
मुलगी झाली.

मला दाखवली तेव्हा डोळे मिटलेले होते, एका मुठीत दुपट्याची कड. वजन काट्यावर केलं होतं. मी नर्सना विचारलं की काटा शेवटचा कधी तपासला आहे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला दुकानदारांकडून परिचित आहे. मग मी पुन्हा बाळाकडे बघितलं. काटा चुकला तरी चालेल असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

थर्मासमधला चहा गार झाला होता. बायकोने तोंडावर फडकं आणि वर वाटी बांधली होती. असं कुठे राहतं गरम.

३० मार्च
उद्या सोडणार. चार्जरचा फोन, मी मागून येऊ का, असू द्या बरोबर. त्याला स्पष्ट सांगितलं, कोपऱ्यावरसुद्धा दिसलास तर बघ. मागच्या सीटवर नवी चादर घातली. दार घासतं तिथे मेण लावलं. धुतलेलं पेट्रोल टाकलं. पट्टीवर पातळी काठोकाठ. एवढ्यात मी टाकी पूर्ण भरल्याचं आठवत नाही, पण पट्टी खोटं बोलत नाही.

३१ मार्च, सकाळ
गाडीला खास आंघोळ. एरवीपेक्षा दुप्पट वेळ. टाकीच्या तोंडाजवळची वाटी तीन-चारदा भरभरून काढली. उन्हात उभी केली तर शेजारचा कुत्रा स्वतःला बघायला थांबला.

उस्तादने गाडी सुरू करून कान लावला आणि ठीक म्हणाला. निघतो.

३१ मार्च, संध्याकाळ
लिहायची इच्छा नाही. पण लिहिणं हा शिस्तीचा भाग आहे.

जाताना गाडी चांगली गेली. हॉस्पिटलच्या दारात उभी केली. हॉस्पिटलच्या आयाबाईंनी बाळ आणलं, मुलगी हळूहळू चालत आली. मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर बाळ, शेजारी मुलगी. जावई पुढे. मी आरशात बघितलं. अगदी तसंच होतं सगळं, फक्त बायकोचे केस पांढरे. मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. जावई म्हणाला, बाबा, निघू या ना?

दारातून बाहेर पडलो आणि रस्त्याला लागलो. वळणावर एक उचकी. पुढे उताराला दुसरी. खालच्या चौकात सिग्नलला थांबलो आणि गाडी गेली. नेहमीसारखी खोकून नाही. एकदम. जसं कोणी दिवा मालवावा.

स्टार्टर मारला. पुन्हा मारला. मागे हॉर्न सुरू. ऊन असं की चादर तापली. बाळ रडायला लागलं. एवढ्याशा जिवाला एवढा आवाज कुठून येतो. मी म्हटलं, दोन मिनिटं, इथेनॉलचा शेवटचा हप्ता आहे, निघून जाईल. मुलगी म्हणाली, बाबा, दार उघडा. मी म्हटलं, एकच मिनिट. ती म्हणाली, बाबा, दार. आतून उघडत नाही.

मेण लावलं होतं तरी दार अडकलं. जावयाने बाहेरून खेचून उघडलं.

मुलीने फोन काढला. मला वाटलं टॅक्सीला. ती म्हणाली, मामा.

चार्जर मिनिटभरात हजर. म्हणजे कोपऱ्यावरच उभा होता. एवढं बजावलं असताना. त्याने मागचं दार उघडून धरलं. त्याचं दार घासत नाही. बायको बाळाला घेऊन बसली, मुलगी बसली. काच वर गेली. रडणं काचेआड एकदम बंद झालं, आणि गाडी निघाली तेसुद्धा मला कळलं नाही, कारण आवाजच नाही. बघितलं तेव्हा पुढच्या सिग्नलला होती.

मी आणि जावई राहिलो. त्याने नवा शर्ट घातला होता. तो मागून ढकलत होता आणि मी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं होतं. उस्तादच्या दुकानापर्यंत तो काही बोलला नाही. त्याने काही म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं. मला रस्त्यात रडू आलं. ऊन फार होतं, त्याला वाटलं घाम. निदान तसं त्याने दाखवलं.

२ एप्रिल
उस्तादकडून निरोप, येऊन बघा. गेलो. त्याने टाकी उतरवून रिकामी केली होती. काय निघालं ते दाखवायला बादलीच्या जागी आमच्या घरच्यासारखीच काचेची मोठी बरणी. वर बोटभर पिवळं. खाली सगळं नितळ.

मी म्हटलं, इथेनॉल. आयुष्यात पहिल्यांदा उस्ताद नाही म्हणाला. म्हणाला, साहेब, हे पाणी आहे. आमच्या नळाला इतकं स्वच्छ येत नाही.

मी त्याला शास्त्र समजावलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. सगळे सांगतात. गाडी उभी राहिली की टाकीत पाणी जमतं. तो म्हणाला, हवेतून वाटीभर येईल साहेब, बरणीभर नाही. मग तो बूच हातात घेऊन फिरवू लागला. खाच उजेडात धरली. माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाईक राखणारा माणूस आहे. म्हणाला, असेल, इथेनॉलच असेल.

मी तक्रार लिहायला घेणार आहे. पाच पानी. माझ्याकडे पुरावा होता, तो घरच्यांनी पंखे पुसण्यात घालवला.

५ एप्रिल
तक्रार लिहायला बसलो. मुद्दा एक, रबर. हे खरंच आहे, पाइप मी बोटाने दाबलेला आहे. मुद्दा दोन, गाळ. खरं. मुद्दा तीन, मायलेज. इथे पट्टीचे आकडे घालायला घेतले. पट्टी समोर ठेवली. तिच्याकडे जरा वेळ बघितलं. पट्टीला कुठला द्रव आहे ते कळत नाही, फक्त किती आहे ते कळतं. खात्यातही आम्ही तेवढंच बघायचो.

मुद्दा तीन खोडला. मुद्दा चार, पाणी. इथवर आलो आणि बायकोने चहा आणून ठेवला. बशीत बूच होतं. उस्तादने पाठवलेलं, म्हणे. थर्मासला आता चालणार नाही, पेट्रोलचा वास जात नाही. बाळ रडलं म्हणून ती गेली.

चहा प्यायलो. बूच खिशात टाकलं. तक्रार उद्या.

७ एप्रिल
तक्रार उद्या.

उस्ताद विचारतो, गाडीचं काय करायचं. बायको विचारत नाही. मुलगी तर विषयच काढत नाही, आणि ते फार वाईट. आज तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. ती बाळाला थोपटत होती. म्हणाली, बाबा, आत या ना, असे पाहुण्यासारखे का उभे? बाळ माझ्या हातात दिलं. ऊब लागते लहान मुलांची. बॉनेटपेक्षा पुष्कळ.

८ एप्रिल
नवा थर्मास आणला. दुकानात सहा बघितले. दुकानदार कंटाळला. फिरकीचं झाकण, आत रिंग. रिंग हाताने ओढून बघितली. चांगली आहे.

९ एप्रिल
बाळाला डॉक्टरकडे दाखवायला नेलं. चार्जरच्या गाडीतून. मी पुढे बसलो. आत शिरताना दार जोरात ओढलं, तशी गरज नसते. त्याने तेवढं सांगितलं, बाकी काही नाही. रस्ताभर एकदाही मायलेजचा विषय काढला नाही. मनाने वाईट नाही. गाडी वाईट आहे.

बाळ सगळा रस्ता झोपलं. आवाज नव्हता म्हणून झोपलं असं कोणी म्हटलं नाही.

बाटलीसाठी गरम पाण्याचा थर्मास माझ्या मांडीवर होता. मधेच मुलगी मागून म्हणाली, बाबा, झाकण नीट लावलंत ना? लावलं होतं. तरी उघडून पुन्हा लावलं. मग उलटा धरून सगळ्यांना दाखवला. थेंब बाहेर नाही.

बायको म्हणाली, मग आतही जाणार नाही. एवढंच म्हणाली.